मोठ्या गायिकेची मैफल आहे, स्टेज माझ्याकडे दिलंय. काय काय बघू?

विंगेतला वायरमन

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गात समुद्राकाठी आमचं गाव. नाट्यगृह सहाशे खुर्च्यांचं, मागच्या दाराने बाहेर पडलं की पाच मिनिटांवर जेटी. मार्चमध्ये इथे शास्त्रीय गाण्यातल्या एका फार मोठ्या बाईंची मैफल ठरली आहे. नाव लिहीत नाही. पोस्टर लागेपर्यंत कुठे बोलू नका असं त्यांच्याकडून सांगून आलंय, आणि आमच्याकडे सकाळी एकाच्या कानात सांगितलं की संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जमलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

समितीत आठ जण. सातांनी आपापली कामं आधीच वाटून घेतली: तिकिटं, जाहिरात, स्वागत, जेवण, परत स्वागत. मी धंद्याने वायरमन, म्हणून ‘स्टेज तुझ्याकडे’. दशावतार, शाळेची गॅदरिंगं, नाटकं यांची लाइट मी पंधरा वर्षं करतोय. गाण्याची बैठक मात्र कधी लावलेली नाही, आणि खरं सांगायचं तर फारशी ऐकलेलीही नाही.

अडचणी अशा. एसी चालू ठेवायचा की बंद, यावर समितीत दोन तट पडलेत. साउंडवाला गावातलाच, पोरगा चांगला, पण त्याचा सगळा अनुभव वरातीचा आणि गणपतीचा. तंबोरे त्या घेऊन येणार की आपण आणायचे, हे कोणी विचारलेलंच नाही. बिदागीचा आकडा ऐकून खजिनदार दोन रात्री झोपले नव्हते, तेव्हा चूक करून चालणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

शाल-श्रीफळ

आधी समितीला विचारा, सत्कार किती आणि भाषणं किती. आमच्याकडे सातची मैफल होती, पहिला सूर पावणेनऊला लागला. तोवर दोन माजी पदाधिकारी, एक प्रायोजक आणि त्या प्रायोजकाचे व्याही बोलून गेले. गायकबुवा तेवढा वेळ खांद्यावरची शाल सांभाळत बसलेले. मार्चमध्ये. कोकणात.

तिसरी घंटा

वायरमन, मी अडुसष्ट वर्षांचा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. किनाऱ्यावरच्याच एका नाट्यगृहात मी एकतीस वर्षं पडदा ओढला, खुर्च्या झटकल्या, घंटा दिली. गाणं मला कळत नाही. गाण्याला काय लागतं ते थोडंफार कळतं.

एसी चालू की बंद, हा प्रश्नच चुकलाय. काय ठरवायचं ते दुपारीच ठरव आणि मग शेवटपर्यंत हात लावू नकोस. आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ला, त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. गाडीने एका दिवसात मुंबईहून माणसं यायला लागली, तशा एक मोठ्या गायिका आल्या. आमच्याकडे एसी नवाच बसवलेला, त्याचं भारी कौतुक. व्यवस्थापकांनी दुपारी दोनपासून तो पूर्ण सोडून ठेवला. बाई आल्या की गार वाटलं पाहिजे! तबलजींनी पाच वाजता ग्रीनरूमच्या त्या गारठ्यात तबला मिळवला. अगदी सुरात. साडेसहाला दारं उघडली. तिकिटं खुर्च्यांपेक्षा जास्त गेलेली, लोक भिंतीला लागून उभे, म्हणून बाजूचे दोन्ही दरवाजे सुतळीने बांधून उघडे ठेवले. आपल्याकडे सातच्या सुमारास वारा कसा पडतो तुला माहीत आहे. दिवसभरचा खारा वारा थांबलेला, मतलई, म्हणजे रात्रीचा जमिनीकडून येणारा वारा, अजून सुटलेला नाही, पान हलत नाही. ती सगळी ओल आत आली, वर सातशे माणसांचा घाम आणि श्वास.

पडदा गेला. बाईंनी षड्ज लावला, आलापी झाली, बंदिश धरली आणि पहिल्याच समेवर तबला ‘थप्प’ बोलला. ओली गोणी आपटावी तसा. चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. तबला जवळपास अर्धा सूर उतरला होता. तबलजींनी हातोडी घेऊन कडेचे लाकडी गठ्ठे ठोकले, वर आणला. पाच मिनिटांत परत खाली. तेवढ्यात एका तंबोऱ्याची एक तार टणकन तुटली. तारांचा दुसरा संच लॉजवर, बॅगेत. मला सायकलवर पिटाळलं. आणलेली पुडी उघडली तर तारेवर काळे ठिपके. पोलादाची तार आणि खारी हवा, आणखी काय होणार! ती चढवताना तुटली. तिच्या मागची टिकली. मी बॅटरी धरून बसलो होतो. तार ओवणाऱ्या मुलीची बोटं गंजाने तपकिरी झालेली आणि कापत होती.

बावीस मिनिटं गेली. बाई एका तंबोऱ्यावर डोळे मिटून बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, “सुरू झालं, की हे अजून लावतायत?”

मध्यंतरात बाई विंगेत आल्या. मला वाटलं आता कोणाचं तरी काही खरं नाही. त्यांनी मलाच विचारलं, इथे वारा कधी सुटतो? मी म्हटलं नऊच्या पुढे, जमिनीकडून. म्हणाल्या, मग एसी बंद करा आणि मागचं दार उघडा. उघडलं. हवा खेळायला लागली आणि तबला जागेवर राहिला. पण मागच्या बाजूला एसटी स्टँड! आलाप चाललेला आणि वर ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’. आमचा दारवान म्हातारा, मालवणचा. धावत गेला आणि कंट्रोलरला म्हणाला, “बाय गाता हा, भोंगो बंद कर.” कंट्रोलर भला माणूस. रातराणीची वेळ, घोषणा टाळता येत नव्हती. त्याने माइक बंद केला, खुर्ची सोडली आणि फलाटावर फिरून प्रवाशांना तोंडाने बोलावून गाडीत बसवलं.

आता तुझं काम. एसी लावायचाच तर दुपारी तीनपासून एकाच आकड्यावर ठेव, फार गार नको. वाद्यं ग्रीनरूममध्ये ठेवू नकोस, दोन तास आधी स्टेजवरच आणून ठेव, गवसणी काढून. ज्या हवेत वाजायचं त्याच हवेत त्यांना बसू दे. लोक आत यायच्या आधी आणि आल्यावर असं दोनदा मिळवायला वेळ राख. तारांचे नवे संच तंबोऱ्याशेजारीच हवेत, लॉजवर नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

तंबोऱ्यांचं आजच फोन करून विचार. बरेच जण आपले घेऊन येतात. तुला आणायचे असतील तर मिरजेहून आण. यायला फोंडा नाहीतर करूळ घाट आहेच. टेम्पोत टाकून पाठवू नकोस, गाडीत माणूस बसव आणि भोपळा त्याच्या मांडीवर दे. तारा थोड्या उतरवून आण. तंबोरा हा घाटावरचा माणूस, भोपळा पंढरपूरकडच्या कोरड्या हवेत वाढलेला, बांधणी मिरजेची. खाली उतरला की त्याला एक दिवस तरी द्यावा लागतो. लाकूड फुगून खुंट्या घट्ट बसतात, मग जोर लावला की तार जाते. सैल पडून घसरत असेल तर खुंटीला खडू लाव. खिशात एक खडू असू दे, कामाला येतो.

तिरकिट

काकांच्या सायकलला नमस्कार. पण मी तबला वाजवतो, आणि ‘मागचं दार उघडा’ हे ऐकून पोटात गोळा आला. त्या रात्री मतलई वारा कोरडा होता म्हणून निभावलं. ढग असते तर डग्ग्याची भाकरी झाली असती. माझं मत एसी चालूच ठेवा आणि दारं बंद. फक्त वरचा झोत थेट स्टेजवर येत असेल तर ती जाळी पुठ्ठ्याने बंद करा. गार कोरडा झोत पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्यावर, आला की तबला उलटा चढतो, आणि चढलेला तबला गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या वेणीवर, खालून ठोकून उतरवताना जीव जातो. गायक एका जागी, तबला रेल्वेच्या इंजिनासारखा पुढे.

दुसरं, पट्टी विचारा, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला षड्ज धरून गातात ते. बायकांची साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास असते, पुरुषांची काळी एक, पांढरी दोन. ‘साथीला गावातला चांगला मुलगा आहे, तबला त्याचाच घ्या’ असलं काही करू नका. त्याच्याकडे टीपेचा, लहान तोंडाचा उंच सुरातला तबला असणार आणि बाईंना लागणार ढाला, म्हणजे मोठ्या तोंडाचा खालच्या सुरातला. साथीदार आपले तबले आणतीलच, तरी त्याच पट्टीचा एक जास्तीचा असू द्या. पेटीही आदल्या दिवशी सगळ्या पट्ट्या दाबून बघा. दमट हवेत एखादी पट्टी खाली बसते ती वर येतच नाही, आणि तो सूर सबंध मैफलभर रडत राहतो. हे मी सोसलंय.

विंगेतला वायरमन

तिसरी घंटा काका, तिरकिटदादा, दोघांचेही आभार. जाळी स्टेजच्या डोक्यावरच आहे, आज शिडी लावून बघितली. तंबोऱ्यांचा फोन केला. त्या दोन घेऊन येतायत, नव्या तारांसकट. पट्टी काळी चार.

आता माझ्या प्रांतातलं. स्टेजवर हजार वॅटचे हॅलोजन पार (स्टेजचे गोल डब्यासारखे दिवे) आहेत, डिमरवर. आणि साउंडवाला म्हणतोय, “दादा, बास जरा उचलतो, पब्लिकला छातीत बसला पाहिजे.” त्याला काय सांगू?

तिरकिट

त्याला सांगा की डग्गा छातीत बसला तर बाई उठतील. थोडं सभ्य भाषेत. त्याला आदल्या आठवड्यात कुठल्याही चांगल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण कानाला लावून ऐकायला बसवा, दोनदा. एको शून्य. बाईंच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तंबोरा स्वच्छ पाहिजे, बाकीचं त्या सांगतील तसं. एकदा लावल्यावर चाललेल्या गाण्यात बटणांशी खेळ नको. पोरं कंटाळली की बटणं फिरवतात.

हॅलोजनचं तुम्हाला मी काय सांगणार. तरी सांगतो, त्यांच्या धगीने तारा पसरून सूर खाली येतो आणि बाईंच्या डोळ्यात घाम. शक्य असेल तर चार एलईडी भाड्याने आणा.

विंगेतला वायरमन

बरोबर. आणि डिमर अर्ध्यावर असले की साउंडमध्ये घरघर येते, ती मला गॅदरिंगच्या वेळी दर वर्षी भेटते. तिथे निवेदिकेच्या आवाजाखाली लपते, इथे आलापात उघडी पडेल. साउंड वेगळ्या फेजवर घेतो, अर्थिंग तपासतो, माइकच्या वायरी लाइटच्या वायरींपासून लांबून नेतो. हे जमेल मला. हे ऐकून पहिल्यांदा धीर आला.

शाल-श्रीफळ

दहाच्या आत संपवा हं, नाहीतर पोलीस.

कलम कारकून

बंद सभागृहाला ते लागू नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, चालतो. मात्र काकांसारखं मागचं दार उघडलंत तर तुमचं सभागृह बंदिस्त उरत नाही. या मुद्द्यावर कायदा तिरकिट यांच्या बाजूने.

पडाव

मी गोव्याची, आता मुलाकडे पुण्याला असते. दमट हवेला एवढ्या शिव्या घालताय म्हणून लिहायला बसले. अहो, गाणं ह्याच हवेत वाढलंय. दीनानाथ मंगेशीचे. केसरबाई केरीच्या. मोगूबाई कुर्डीच्या, ते गाव आता साळावलीच्या धरणाखाली असतं आणि पाणी उतरलं की वर येतं. ह्या कोणाच्या गळ्याला ओल बाधली नाही. बाधते ती चामड्याला.

माझी आजी वेंगुर्ल्याची. नाटक कंपन्या बोटीने यायच्या ते तिने लहानपणी बघितलेलं. बोट बंदराला लागत नसे, लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पडदे सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर. आजीला कुठलं नाटक, कोण नट, काही आठवत नव्हतं. आठवत होता तो ऑर्गन. चार गडी कमरेएवढ्या पाण्यात उभे, डोक्यावर ऑर्गन, आणि मागच्या पडावात उभे राहून एक गृहस्थ ओरडतायत, “वाजवणारा बुडाला तर चालेल, तो भिजता कामा नये!” ते गृहस्थ स्वतःच वाजवणारे होते, असं आजी शेवटी सांगायची आणि हसायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे नाटकंही बंद.

जेवणाचं कोणी लिहिलं नाही. मैफलीआधी बाईंना सोलकढी, दही, आंबट काही देऊ नका, बर्फ तर नकोच. तुमच्या स्वागत समितीतली प्रत्येक बाई आपापल्या घरची सोलकढी तांब्यातून घेऊन येणार, मी लिहून देते. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, बास. माशांचं जेवण गाणं झाल्यावर. आणि आधी विचारा, मासे चालतात का.

तिसरी घंटा

पडावबाई, सोलकढीचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे एकदा ग्रीनरूमच्या टेबलावर पाच तांबे होते आणि पाच बायका बाहेर, कोणाची प्यायली ते बघायला.

विंगेतला वायरमन

झाली एकदाची मैफल. उशिरा लिहितोय, आठवडाभर पाठ धरली होती.

एसी तीनपासून सव्वीसवर. वरची जाळी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने बंद केली, वर काळा कपडा मारला, कोणाला कळलं नाही. एलईडी कणकवलीहून आणले. साउंडवाल्याला तिरकिटदादांनी सांगितल्याप्रमाणे ऐकायला बसवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “दादा, ह्यात तर काहीच करायचं नसतं.” म्हटलं हेच तर. पोरगा तीन तास हात मागे बांधून उभा होता, बटणाला शिवला नाही.

अध्यक्षांचं भाषण बंद पाडता आलं नाही. मध्यंतरात सरकवलं. तेव्हा लोक वडे खायला बाहेर होते.

जे कोणीच सांगितलं नव्हतं ते झालं. जेटीकडून डास येतात. स्वागतातल्या एका उत्साही माणसाने बाई यायच्या आधी ग्रीनरूममध्ये डासांच्या तीन कॉइल लावून दार ओढून घेतलं. बाई आत गेल्या आणि खोकत बाहेर आल्या. माझ्या हातापायातलं बळ गेलं. मी काही बोलायच्या आत त्या सरळ विंगेत आल्या आणि माझ्या केबलच्या लाकडी पेटीवर बसल्या. म्हणाल्या, पंखा नको, फक्त पाणी द्या. मी कोमट पाणी दिलं. सोलकढीचे दोन तांबे आले होते, ते मी आधीच मीटरच्या खोलीत लपवलेले.

पुढची चाळीस मिनिटं त्या त्या पेटीवरच होत्या. त्यांच्या शिष्या स्टेजवर तंबोरे लावत होत्या आणि ह्या विंगेतून, डोळे मिटून, नुसतं बोट वर नाहीतर खाली करत होत्या. मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू येत होतं. मग एकदा बोट थांबलं आणि तेव्हा मात्र मलाही कळलं. कसं ते सांगता येणार नाही. फ्यूज बदलल्यावर मोटार नीट लागली की आवाजावरून कळतं ना, तसं काहीसं. आधी दोन तंबोरे होते, मग एकच काहीतरी झालं.

तबला मध्यंतरानंतर किंचित उतरला. हातोडीचे दोन टोले, संपलं. तार तुटली नाही. खडू खिशातच राहिला, शर्टाबरोबर धुतला गेला.

तिरकिट

वा! कॉइलचं लिहून ठेवतो. कोणते राग झाले?

विंगेतला वायरमन

पहिला पूरिया धनाश्री, असं निवेदकाने सांगितलं. पुढचे मला ओळखता येत नाहीत.

तिसरी घंटा

शाब्बास रे. भैरवी कशी झाली ते लिहिलंच नाहीस.

विंगेतला वायरमन

ऐकली नाही काका. मेन लाइनचं व्होल्टेज हलायला लागलं होतं, म्हणून मी मागे जनरेटरपाशी हँडलवर हात ठेवून उभा होतो. लागलाच नाही शेवटी. आत टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, संपलं म्हणून.